वाट पाहण्याचं शुद्धलेखन

पाळकसाहेबांनी चौसष्ट पानांची पुस्तिका लिहिली होती: ‘मशीहाविषयी यहुदी अपेक्षा – काल आणि आज’. चर्चच्या मंडळीतली चाळीस माणसं ती घेणार होती आणि त्यांतली तीस ती घरी नेऊन फ्रिजवर ठेवणार होती, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते तीन वर्षं खपले. चौथं प्रकरण लिहून झालं त्या दिवशी त्यांनी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती जागी होती.

छपाईला देण्याआधी ‘मशीहा’साठीचा हिब्रू शब्द तपासायचा राहिला होता. तो तपासणारा माणूस साऱ्या गावात एकच. वेलांटीकाका. काका यहुदी, छापखान्यात बेचाळीस वर्षं मुद्रितशोधक होते आणि निवृत्त झाल्यावरही दुकानांच्या पाट्या तपासत हिंडायचे. पाळकसाहेब शिकत होते तेव्हा हिब्रू मुळाक्षरं काकांनीच त्यांच्याकडून गिरवून घेतली होती. त्या मोबदल्यात पंचवीस वर्षं एकच तक्रार ऐकावी लागली: “हिब्रू आलं रे तुला, पण मराठीतला ‘ही’ काही दीर्घ होत नाही तुझ्या हातून.”

काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. म्हणून पाळकसाहेबांनी काल तो हिब्रू शब्दाचा एकच कागद पाकिटात घालून काकांच्या लेकीकडे दिला. पट्टी निघाली की सवडीने बघतील.

आज सकाळचा दुसरा चहा पिताना त्यांना तोच कागद टेबलावर दिसला. चहाच्या कपाखाली.

“मग पाकिटात काय गेलं?” बायकोने विचारलं.

पाळकसाहेबांनी गठ्ठा चाळला. पान एकतीस ते अठ्ठेचाळीस गायब. अख्खं चौथं प्रकरण. आणि पान एक्केचाळीसवर, त्यांना पाठ होतं, लिहिलं होतं: “यहुदी लोक आजहि आंधळेपणाने वाट पाहत आहेत.”

“अहो, पट्टी कधी निघायचीय त्यांची?”

“आज. अकराला.”

भिंतीवरचं घड्याळ पावणेबारा दाखवत होतं.

“म्हणजे नव्या डोळ्याने माणूस पहिली गोष्ट काय वाचणार,” बायको शांतपणे म्हणाली, “तर आपण आंधळे आहोत ही. बसा तुम्ही. चहा घ्या अजून.”

पाळकसाहेब चपला उलट्यासुलट्या घालून निघाले. रस्ताभर ते सबबी जमवत होते. तो शब्द रूढ आहे. जुन्या प्रवचनांतून तसाच येत गेला. अर्थ शब्दशः घ्यायचा नाही. शेवटची सबब त्यांनी स्वतःच नाकारली. शब्दशः न घ्यायचा शब्द मुद्रितशोधकाला कसा द्यायचा? काकांनी दार लावून घेतलं तर पुन्हा ठोठावायचं धाडस आपल्याला होणार नाही, एवढं त्यांना नक्की कळत होतं. आणि काकांशिवाय या गावात आपल्याशी भांडणारं कोणी नाही, हेही. बाकी सगळे ‘आमेन’ म्हणून मोकळे होतात.

दार लेकीने उघडलं.

“ताई, पट्टी…?”

“निघाली. दिसतंय. डॉक्टरांनी महिनाभर वाचू नका म्हणून सांगितलंय.” तिने आतल्या खोलीकडे बोट केलं. “वाचतायत.”

काका खिडकीपाशी बसले होते. काळा चष्मा कपाळावर, हातात भिंग, मांडीवर चौथं प्रकरण, कानावर लाल पेन्सिल. वर न बघता म्हणाले, “बस. पान अडतीस.”

पाळकसाहेब बसले. “काका, डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय ना?”

“वाचायला. हे प्रूफ आहे.” पेन्सिल फिरली. “हे सांग, ‘यहुद्यांचा असा समज आहे की’ असं लिहिलंयस. कोणत्या यहुद्यांचा? माझे वडील रोज सकाळी प्रार्थनेत मशीहाची वाट पाहायचे. ही माझी लेक म्हणते, माणूसबिणूस काही येत नाही, माणसं सुधारली की झालं. पुतण्या म्हणतो, तो येऊन गेला, पण आमच्यातलाच कोणी धर्मगुरू होता. एका घरात चार माणसं नि पाच मशीहा!”

“चौथा-पाचवा कोणाचे?”

“दोन्ही माझे. सोमवारी एक, शनिवारी दुसरा.” पान उलटलं. “जुन्या काळाचं मात्र नीट लिहिलंयस. रोमनांना हाकलणारा राजा, राजाबरोबर याजकही येईल म्हणणारे, सुलतानासमोर धर्म बदलून, पगडी घालून सुटलेला तो तोतया मशीहा. आमचे फसलेले सगळे नोंदवलेस. तुमच्याकडे येशू परत येण्याच्या तारखा सांगून डोंगरावर जाऊन बसलेले, ते कुठायत?”

“ते… पुढच्या आवृत्तीत.”

“हं.”

पाळकसाहेबांनी हात पुढे केला. “काका, पुढची पानं द्या माझ्याकडे. ती चुकून…”

“एक्केचाळीस माझं वाचून झालंय,” काका म्हणाले.

पाळकसाहेबांनी जमवलेल्या सबबी एकेक करून पळून गेल्या.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “तो येशूच्या रूपात आला, असं मी मानतो. मरेपर्यंत मानेन. पण तो शब्द लिहायला नको होता.”

“तू मानतोस ते मला पंचवीस वर्षं माहीत आहे. मी मानत नाही ते तुला.” काकांनी चष्मा खाली ओढला. “तुझ्या आधीचे पाळक होते ना, त्यांच्या पुस्तिकेचं प्रूफ मीच वाचलं होतं. त्यांनी ‘हट्टी’ लिहिलं होतं. त्यांच्या आधीच्यांनी ‘शापित’. तू ‘आंधळे’वर आलास. उतार पडतोय. याच वेगाने गेलात तर तो येईपर्यंत तुम्ही ‘शेजारी’वर याल.”

पाळकसाहेबांना हसू आलं. खोकल्यासारखं काहीतरी करून त्यांनी ते निभावलं.

“रागावला नाहीत?”

“सकाळी अकरा वाजेपर्यंत मला धाकधूक होती, अक्षर दिसेल की नाही. पट्टी निघाली. घरी येऊन पाकीट उघडलं, तर एक्केचाळीसावं पानच वर आलं. पहिलं काय दिसलं माहीत आहे? ‘आजहि’. ऱ्हस्व!” काकांचा आवाज चढला. “एवढीशी वेलांटी, नि ती दिसली मला! भिंगाशिवाय! इतका आनंद झाला की पुढचा शब्द वाचायला पाच मिनिटं गेली.”

दारातून लेक म्हणाली, “नाचले बाबा. मी पाहिलं.”

“नाचलो नाही. उठलो होतो.”

पाळकसाहेबांनी पेन्सिल मागून घेतली. ‘आंधळेपणाने’ खोडला. उरलं: यहुदी लोक आजहि वाट पाहत आहेत. खरं तर प्रकरणाचा सारा जोर त्या एका शब्दावर होता; तो गेल्यावर वाक्य हलकं झालं होतं, आणि पाळकसाहेबही. मग त्यांनी वेलांटी सुधारली आणि पुढे एक शब्द जोडून कागद परत दिला.

काकांनी एक डोळा मिटला. नव्या डोळ्याने वाचलं: “यहुदी लोक आजही वाट पाहत आहेत. आपणही.”

पाळकसाहेब खुर्चीच्या कडेला सरकले.

“दीर्घ आहे,” काका म्हणाले. “दोन्हीकडे. जाऊ दे छापायला. आणि तो हिब्रू शब्द कुठाय, ज्याच्यासाठी हे सगळं?”

पाळकसाहेबांनी खिशातून चहाचा डाग पडलेला कागद काढला. काकांनी तो उजेडात धरला आणि खो-खो हसायला लागले.

“अरे, उजवीकडून वाचायची अक्षरं संगणकाने डावीकडून लावलीत! तुझा मशीहा पाठमोरा चालतोय!”

“म्हणजे येतोय की जातोय?”

“ते,” काका लाल पेन्सिल टोकदार करत म्हणाले, “आपण दोघं भांडून ठरवू. तायडे, चहा टाक.”