पोटातलं सोनं

लोक दसऱ्याला आपट्याचं सोनं लुटतात, रंगनाथ म्हाताऱ्यानं खरंखुरं पोटात ठेवून घेतलं, अशी त्या साली शेवगावच्या बाजारात थट्टा चालायची. थट्टेत तथ्य होतं. मूत्राशयाखालच्या गाठीत कॅन्सर निघाला आणि मुंबईच्या डॉक्टरांनी त्या गाठीतच किरणं सोडणारे सोन्याचे बारीक दाणे बसवले. जोडीला नगरला जाऊन शिरेतून इंजेक्शनं घ्यायची. दोन्ही इलाज एकत्र करून बघू, म्हणाले. मात्र दिवाळीपर्यंत गरोदर बाई आणि लहान लेकरू त्यांच्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

आणि लेकाची, गोरक्षनाथाची, बायको पुष्पावती नेमकी पोटुशी. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं. गोरक्षनाथानं बापाची बाज गोठ्याच्या पडवीत टाकली. इंजेक्शनांनी पोटात अन्न ठरेना, डोक्याचे केस गेले, मिशासुद्धा गेल्या. तरी तिथूनच सुनेला ओरडायचा, "पुष्पे, अंगनात वल हाय, जपून चाल!"

दिवाळी झाली. नगरच्या दवाखान्यात बाप आत इंजेक्शन घेत असताना डॉक्टर बाहेर येऊन गोरक्षनाथाला म्हणाले, "किरणांचा जोर संपला. आता घरात घ्या त्यांना. नातवंड खेळवू द्या."

एस्टीत बसल्यावर बापानं विचारलं, "काय म्हनला दाक्तर?"

"अजून थोडं थांबा म्हनला."

असं का बोललो, हे गोरक्षनाथाचं त्यालाच कळलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय! डॉक्टर शिकलेला खरा, पण किरणं काय डोळ्यांना दिसतात? बाळंतपण होऊ दे, मग सांगू. मुलगा झाला. मग पाचवी होऊ दे. मग बारसं. बारशाला बायका पाळणा म्हणत होत्या आणि म्हातारा पडवीत एकटाच बसून मान डोलवत होता. ते बघून गोरक्षनाथानं घुगऱ्यांची वाटी खाली ठेवली. आपण जन्मदात्याला वाळीत टाकलंय, हे त्याला चांगलं कळत होतं.

संक्रांतीला मात्र राहवेना. लेकरू उचलून तो पडवीत गेला. "आबा, घ्या नातवाला."

म्हातारा मागं सरकून भिंतीला टेकला. "येडा का खुळा! लांब ने त्याला!"

"दाक्तर म्हनला, आता चालतंय."

"मला बरं वाटावं म्हनून बोलतुयास तू. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांग."

गोरक्षनाथानं हात ठेवला. आता खोटं बोलायची सोय नव्हती. "म्हनला, आबा."

"कवा?"

"दिवाळी झाल्यावर."

म्हाताऱ्यानं धोतराला हात पुसले आणि पुढं केले. मांडीवरचं पोर त्याच्या गुळगुळीत डोक्याकडं टकामका बघायला लागलं.

"आक्षी माज्यावानी टकला हाय," म्हातारा हसला.

हसता हसता त्यानं वर पाहिलं. लेक समोर ओणवा उभा होता, श्वास रोखून, दोन्ही हात अर्धवट पुढं करून.

"घे बाबा," म्हातारा हळूच म्हणाला. "तुजा जीव टांगनीला लागलाय."

न्हाई आबा, असू द्या, असं गोरक्षनाथाला म्हणायचं होतं. पण तोवर त्यानं लेकरू उचललंसुद्धा होतं.