कापडाखालचा निरोप

पाच वाजत आले की माझा दवाखाना रिकामा व्हायचा. दाढ ठणकणारी माणसंसुद्धा गालावर हात दाबून उठायची आणि शेजारच्या हमादीच्या फोटो स्टुडिओकडे चालू लागायची. एकदा तर एक गृहस्थ तोंडातला कापसाचा बोळा तसाच ठेवून निघाले. मी मागून हाक मारली, तर त्यांनी हातानेच खूण केली, आलोच.

स्टुडिओत दाटी असायची. कोळी बंदरावरून थेट आलेले, कपड्यांना माशांचा वास; कशिद्याचं काम अर्धवट टाकून आलेल्या बायका; कानावर जाईचा गुच्छ खोचलेली तरुण मुलं. सगळ्यांची नजर टेबलावरच्या काळ्या पडद्यावर. हमादी हिवाळ्यात वारला होता आणि त्याच्या कॉम्प्युटरला कुणी बोट लावत नव्हतं. तरी पाचाच्या ठोक्याला आतला पंखा घरघरायचा, पडदा उजळायचा आणि हमादीने काढलेले फोटो एकामागून एक सरकू लागायचे. मेंदी लावलेले हात, सोनेरी जरीने अवघडलेल्या नवऱ्या, ढोलवाले, सासवा. शेवटी यायचा समुद्राकाठच्या दर्ग्याचा पांढरा घुमट, आणि तिथे सगळं थांबायचं. टुक, टुक, टुक, असा आवाज व्हायचा.

त्याच क्षणी सिदी झर्रूक, गावात नवा आलेला बुवा, पुढे होऊन पडद्यावर हिरवं कापड टाकायचा.

"नजरा खाली," तो म्हणायचा. "हमादी आलाय. या जगातून त्या जगात एक तार जाते. माझ्या आजोबांना ती दिसायची, आता मला दिसते. या हाका बेयासाठी आहेत. तो म्हणतोय, मला घुमटाजवळ जागा द्या."

आणि बेया, हमादीची बायको, जिला अख्खी गल्ली बेयामावशी म्हणते, ती ओढणीत तोंड लपवून रडायची.

हा झर्रूक आमच्या महदिया गावात आला तेव्हा त्याच्याजवळ एक लोबानदाणी आणि तोंडभर गोड भाषा होती. कॉम्प्युटरला लागलेली नजर उतरवतो असं तो सांगायचा. मासळीचे घाऊक व्यापारी जिलानीकाका त्याचे पहिले भक्त. त्यांचा कॉम्प्युटर आठवडाभर कासवासारखा चालत होता. झर्रूकने तो बंद करून वायर काढली, वर हिरवं कापड घातलं, लोबान पेटवला, निवांत पुदिन्याचा चहा पिऊन घेतला, मग मागच्या जाळीवर जोरजोरात फुंकर मारली आणि वायर लावून तो चालू केला. कॉम्प्युटर घोड्यासारखा पळाला. जिलानीकाकांनी त्याच्या घरी ताजी सुरमई पाठवली. त्यानंतर ट्रॅव्हल कंपनीचा प्रिंटर बरा झाला, औषधवाल्याची स्क्रीन बरी झाली. जे बरे झाले नाहीत त्यांच्या मालकांची नियत वाईट निघाली.

बेयामावशीची इद्दत, म्हणजे विधवेने घरात पाळायचे चार महिने, संपली आणि तिने मुलगी रीमच्या आग्रहावरून स्टुडिओ उघडला, वीज सुरू केली, कॉम्प्युटर लागतो का तेवढं पाहून तो पुन्हा मिटवला. लग्नाचा हंगाम तोंडावर होता. रीमला कॅमेरा चांगला येतो, बापाच्या हाताखाली शिकलेली. पहिल्याच दिवशी पाच वाजता, रीम बाहेर गेलेली असताना, कॉम्प्युटर आपोआप जागा झाला. मावशी किंचाळत रस्त्यावर आली. शेजारी प्रिंटरवर लोबान फिरवत असलेला झर्रूक सगळ्यांच्या आधी आत पोहोचला. लोक आत शिरले तेव्हा पडद्यावर कापड होतं आणि झर्रूकच्या चेहऱ्यावर समाधान.

त्या दिवसापासून कॉम्प्युटर पवित्र झाला. त्याला हात लावायचा नाही, तर त्यातले फोटो बाहेर कसे येणार? गेल्या हंगामातल्या नवऱ्यांचे अल्बम अडकले. एका नवरीला आठवा महिना लागला होता. ती मला म्हणाली, "डॉक्टर, लग्नाचा अल्बम बारशालाच बघणार बहुतेक मी."

एवढ्यावर थांबतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण झर्रूकला हमादीचं म्हणणं दिवसेंदिवस जास्त स्पष्ट ऐकू येऊ लागलं. घुमट दिसतो म्हणजे हमादीला स्टुडिओची जागा दर्ग्याच्या नावे करायची आहे. आणि दर्ग्याचा सेवक कोण? तर सिदी झर्रूक. शुक्रवारी नमाजानंतर वकिलाकडे जाऊन मावशीने सही करायची असं ठरलं.

रीम माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. "डॉक्टर, आई माझं ऐकत नाही. तुम्ही तरी सांगा तिला."

मी सांगायला गेलो. मावशीने माझ्यापुढे बदामाचे लाडू ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "तैयब, तू शिकलेला आहेस. तू म्हणशील हे खोटं आहे. असेल. पण दिवसभर मी पाच वाजायची वाट बघते. तो येतो, मला हाका मारतो. तेवढ्यासाठी मी सकाळी उठते. ते काढून घेऊन तू मला काय देणार आहेस?"

मी लाडू खाऊन परत आलो. झर्रूक थापाड्या आहे याची मला खात्री होती, पण बंद कॉम्प्युटर रोज पाचाला जागा कसा होतो हे काही मला उलगडत नव्हतं.

उलगडा माझ्या खुर्चीत झाला. मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नझीहाबाई दाढ भरून घ्यायला आल्या होत्या. त्या सुट्टीभर बहिणीकडे स्फाक्स शहरात होत्या, त्यामुळे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पाच वाजले, भिंतीपलीकडून गलका आला आणि मग ते टुक, टुक, टुक. बाईंनी आ वासलेल्या तोंडानेच काहीतरी विचारलं. मी दाढ कोरता कोरता सगळी हकिगत सांगितली. त्यांनी माझा हात बाजूला सारला, चूळ भरली आणि सरळ बसल्या.

"कापड कधी टाकतो तो? आवाजाच्या आधी की नंतर?"

"लगेच नंतर."

"आवाज झाल्यावर पडद्यावर काय असतं, कुणी पाहिलंय?"

"कुणीच नाही. नजर टाकली तर आंधळे व्हाल म्हणतो."

"आणि तो कॉम्प्युटर रात्री बंद कोण करतं?"

"मावशी. तेवढी तिला मुभा आहे, कीबोर्डवरचं चंद्राचं बटण दाबते. हमादी तेच दाबायचा."

बाई हसल्या, तर अर्धी कोरलेली दाढ ठणकली. "मग तो बंद नसतोच, डॉक्टर. झोपलेला असतो. झोपलेल्याला उठवायची वेळ ठरवून देता येते. गजर लावतो तशी. आणि ते आवाज हाका नाहीत. कॉम्प्युटरची तक्रार आहे. काय तक्रार आहे ते पडद्यावर लिहिलेलं असणार, म्हणून तर झाकतो."

"आत्ताच चला, हे सगळ्यांना सांगा."

"पाहिल्याशिवाय कसं सांगू? माझाही अंदाजच आहे. आधी दाढ भरा."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी दवाखान्याला कुलूप लावून बाईंबरोबर गेलो. रीम दारातच होती. पाच वाजले, पंखा घरघरला, नवऱ्या आल्या, सासवा आल्या, घुमट आला. टुक, टुक, टुक. झर्रूकचं कापड पडलं.

"एक विचारू का?" नझीहाबाई म्हणाल्या. "हमादीभाऊ कधी येतात म्हणता?"

"असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की," झर्रूक म्हणाला. "नमाज संपते, आत्मा निघतो."

"नमाजाची वेळ सूर्याबरोबर सरकते. गेल्या काही आठवड्यांत काही मिनिटं तरी सरकली. हे मात्र रोज बरोबर पाचाला. तिकडे गेल्यावरही माणूस मनगटावरचं घड्याळ बघून निघतो का?"

मागच्या कोळ्यांत कुणीतरी खुसखुसलं. झर्रूकने डोळे मिटून घेतले. "बाई, विद्या वेगळी आणि ज्ञान वेगळं. जो हे कापड उचलेल त्याची दृष्टी जाईल, दात गळून पडतील."

"दातांचं मी बघतो," मी म्हणालो. "माझा तोच धंदा आहे."

या वेळी हसणारे जास्त होते. पण पुढे कुणी होईना. भीती अशी एका विनोदाने जात नाही. नझीहाबाईंनी हात पुढे केला आणि मग मागे घेतला. त्या मावशीकडे वळल्या.

"मावशी, मी उचलणार नाही. निरोप तुमच्या नवऱ्याचा आहे, तुमच्यासाठी आहे म्हणतात. मग तो तुमच्यापासूनच झाकून का ठेवायचा? तुम्हाला वाचता येतं. तुम्हीच बघा."

मावशीने कापडाकडे पाहिलं. झर्रूक म्हणाला, "बेया, नको. हमादीला यातना होतील."

"तीस वर्षं तो माझ्यापासून काही लपवू शकला नाही," मावशी म्हणाली. ती उठली आणि तिने कापड ओढलं.

पडद्याच्या मधोमध एक पांढरी चौकट होती आणि त्यात फ्रेंचमध्ये चार ओळी. मावशीने चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली: "फोटोंची प्रत पूर्ण झाली नाही. दुसऱ्या डिस्कवर जागा शिल्लक नाही. जागा रिकामी करा किंवा नवी डिस्क जोडा."

 मग जिलानीकाका हळूच म्हणाले, "म्हणजे जागा मागत होता हे खरंच की. पण डिस्कवर."

हशा असा उसळला की रस्त्यावरची माणसं आत डोकावली.

नझीहाबाई खुर्ची ओढून बसल्या आणि एकेक गोष्ट सगळ्यांना दाखवत गेल्या. हमादी पाचाला पत्ते खेळायला कॅफेत जायचा. त्या वेळात कॉम्प्युटरने आपणहून उठावं, नवे फोटो एकेक करून पडद्यावर दाखवत दुसऱ्या डिस्कवर उतरवावे आणि पुन्हा झोपावं, अशी सोय त्याने करून ठेवली होती. एक डिस्क बिघडली तरी लोकांच्या लग्नाचे फोटो जाऊ नयेत म्हणून. दुसरी डिस्क भरली. मग रोज काम पहिल्यापासून सुरू व्हायचं, एका ठरावीक फोटोपाशी जागा संपायची आणि अर्धवट काम टाकून दिलं जायचं. तो फोटो घुमटाचा होता, एवढंच. रीम म्हणाली, "तिथे जोडपी उभी करायच्या आधी बाबा उजेड बघायला रिकामा फोटो काढायचे. प्रत्येक लग्नाला."

"आणि ही जागा खाल्ली कुणी?" बाईंनी बटण दाबलं. "त्या डिस्कवरच्या कचऱ्याच्या टोपलीने. वर्षानुवर्षं काहीतरी टाकलंय आणि टोपली कधी रिकामी केलेली नाही."

"घरातलीही कधी केली नाही त्याने," मावशी म्हणाली. ती स्वतःच हसली आणि मग डोळे पुसले.

टोपलीत हजारो फोटो होते. मिटलेले डोळे, हललेले चेहरे, कॅमेऱ्यासमोर आलेला हमादीचाच अंगठा. मावशीने थोडे पाहिले आणि म्हणाली, "फेक."

टोपली रिकामी झाली. बाईंनी काम पुन्हा सुरू केलं. नवऱ्या आल्या, सासवा आल्या, घुमट आला. सगळे टुकटुक ऐकायला पुढे झुकले. घुमट गेला आणि पुढचा फोटो आला. मग त्यापुढचा. गावाने कधी न पाहिलेले फोटो येऊ लागले. जाळी ओढणारे कोळी, "अरे, हा मीच," म्हणणारे जिलानीकाका, पावसात भिजलेलं बंदर. शेवटचा फोटो याच स्टुडिओतला होता. इथल्याच एका खुर्चीत मावशी तोंड उघडं टाकून झोपली होती, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांचं ताट आणि ताटात गल्लीतली मांजर.

"मेल्याने हा कधी काढला," मावशी म्हणाली. तिने पडद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

झर्रूक दाराकडे सरकत होता. जिलानीकाकांनी त्याची वाट अडवली. "सिदी, माझा कॉम्प्युटर आज पुन्हा अडलाय. चला, बरा करा. फक्त एक अट. बंद करायचा नाही आणि फुंकर मारायची नाही. नुसता मंत्र म्हणायचा."

"आज ग्रह बरोबर नाहीत."

"बंद करून चालू केला की अडलेलं काम सुटतं आणि जाळीतली धूळ उडाली की मशीन थंड राहतं," नझीहाबाई म्हणाल्या. "हे दोन्ही यांना छान येतं. सरळ दुरुस्तीचं दुकान टाकलं असतं तर मीच गिऱ्हाइकं पाठवली असती."

झर्रूकने लोबानदाणी उचलली आणि गेला. शुक्रवारी बसने तो गाव सोडून गेल्याचं कळलं. वकिलाकडे कुणी गेलं नाही.

त्या शनिवारी मी मावशीकडे गेलो.  तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलं नव्हतं. ती रीमबरोबर अल्बमसाठी फोटो निवडत बसली होती, कामात बुडालेली.

"मावशी, पाच वाजता आता कसं वाटतं?"

"वाईट वाटतं," ती म्हणाली. "तो गेला हे आत्ता कुठे कळलं मला. पण तैयब, तो माणूस रोज मला एकाच फोटोपाशी आणून उभं करत होता. त्या फोटोच्या पुढे माझ्या हमादीचं केवढं काम पडलं होतं. ते मी बघितलंच नसतं." मग तिने रीमला दटावलं, "तो नको, त्यात सासू डुलक्या घेतेय."

आता गल्लीतले लोक कॉम्प्युटर अडला तर आधी नीट बंद करतात, जरा थांबतात आणि मग चालू करतात. महिन्यातून एकदा धूळ झटकतात, सैल वायरी दाबून बसवतात, नको ते पुसून टाकतात, हव्या त्याची दुसरी प्रत ठेवतात. एवढ्याने भागलं नाही तर नझीहाबाईंना विचारतात. यात चमत्कार काही नाही, आणि हे कुणालाही करता येतं.

तुमच्या गावातही उद्या कुणी येईल. त्याच्या हातात लोबान असेल किंवा आणखी काही. गोड बोलेल, दुःख ओळखेल. त्याच्याशी भांडू नका, फक्त विचारा: हे कसं होतं? कधी होतं? अमुक केलं नाही तरी होतं का? खरं असेल त्याला या प्रश्नांनी काही धक्का लागत नाही. आणि कुणी म्हणालं की इथे बघू नका, तर चष्मा लावा आणि आधी तिथेच बघा.