वहिनीचा गाळा

बबडीने पायलट व्हायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी हसले ते तिचे बाबाच. "सायकलवरून दोनदा गटारात पडलीस, आता आभाळातून पडणार का?" पण हसून झाल्यावर निवृत्तीचे पैसे त्यांनीच फ्लाइंग स्कूलमध्ये नेऊन भरले. जन्मभर बस चालवलेला माणूस. शिकाऊ मुलांचं दोन सीटांचं विमान बघून मात्र ते हिरमुसले. "हे तर माझ्या बसच्या टपावर मावेल!"

बबडी छान शिकत होती. पण विमान हवेत असलेला प्रत्येक तास पैसे खातो. इंधन महागलं, फी वाढली आणि त्यातच बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. उरलंसुरलं सगळं दवाखान्यात गेलं. बँकेने तारण मागितलं, तर घर भाड्याचं. बबडीने गणवेश इस्त्री करून कपाटात ठेवला आणि मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. "आधी बाबा," एवढंच म्हणाली.

तिची वहिनी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवायची. एक आरसा, दोन खुर्च्या. नंबर लागेपर्यंत बायका सोफ्यावर बाबांच्या शेजारी बसायच्या आणि बाबा बिचारे पेपरात तोंड खुपसून. वहिनीला स्वतःचा गाळा हवा होता. कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीत तिने एक धरलाही होता. इसार देऊन झाला होता, बाकीची रक्कम जमली होती.

एके दिवशी पार्लर बंद ठेवून वहिनी एकटीच फ्लाइंग स्कूलमध्ये गेली. बबडीला शिकवणारे कॅप्टन विमानांच्या हँगरमध्ये भेटले.

"खरं सांगा," वहिनी म्हणाली, "आमच्या पोरीला जमतंय का? मन राखायला काही बोलू नका."

कॅप्टन हसले नाहीत. "विमान अजून जरा आपटून उतरवते. पण एकदा इंजिन अडखळायला लागलं तेव्हा मला घाम फुटला होता. ही शांतपणे रेडिओवर बोलली, वळली आणि विमान परत घेऊन आली. जमेल तिला. फक्त लवकर पाठवा. लेखी परीक्षा पास झालीय, पण त्या निकालाला मुदत असते. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून."

वहिनीने बबडीच्या दादाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "गाळा तुझा आहे. तू म्हणशील तसं."

संध्याकाळी ती बिल्डरकडून इसार परत घेऊन आली आणि सगळी रक्कम बबडीपुढे ठेवली. बबडी उठून उभी राहिली. "वहिनी, वेड लागलंय का तुला? मी नाही घेणार."

"तू कोण नाही म्हणणारी? आरसा माझ्याकडे आहे, खुर्च्या आहेत. मी उद्याही केस कापणारच आहे. तुझी मुदत संपली तर तू काय करणार?"

"आणि नाही मिळाली नोकरी तर?"

"तर दोघी मिळून आयब्रो करू," वहिनी म्हणाली. बाबा पेपरामागून खुदकन हसले आणि मग बराच वेळ त्यांनी पेपर खाली केलाच नाही.

बबडीने तास पुरे केले, लायसन्स मिळवलं. नोकरी काही लगेच दारात आली नाही. वर्षभर ती त्याच काउंटरवर सिमकार्डं विकत राहिली. तेवढ्या काळात वहिनीने एकदाही विचारलं नाही, काय झालं म्हणून. शेवटी एका छोट्या विमान कंपनीने बोलावलं.

कोपऱ्यावरचा गाळा केव्हाच दुसऱ्याला गेला होता. पगार साठवून बबडीने बाजारातल्या गल्लीत दुसरा घेतला. वहिनी आधी घ्यायला तयार नव्हती. बबडी म्हणाली, "तू कोण नाही म्हणणारी?" मग वहिनीने हात पुढे करून किल्ली घेतली.

गाळ्यातलं पहिलं गिऱ्हाईक बबडी. वहिनीने तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, केस ओले केले. बबडीने काय काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं. "वहिनी, तू जे केलंस ना..." म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. खांदे हलायला लागले.

"हलू नकोस गं," वहिनी नाक ओढत म्हणाली, "कात्री आहे हातात."