भिंतीतली तिसरी दिशा

नव्या घराच्या अंतिम तपासणीसाठी निरीक्षक बाई आल्या, तेव्हा वायरमन ओळंब्याने त्यांना दारातच सांगून टाकले की चहा घ्यायचा असेल तर आधीच घ्या, कारण तपासायला फार वेळ लागणार नाही.

घर त्याच्या मुलीचे आणि जावयाचे. विजेचे काम मात्र संपूर्ण त्याचे. भिंतीत पुरलेले त्याचे पाइप इतके सरळ असत की गवंड्यांनीच त्याला भिंतीचा सरळपणा पाहायच्या आपल्या दोरीचे हे नाव ठेवले होते, आणि त्याची सही असलेले एकही घर आजवर नापास झाले नव्हते. ही गोष्ट तो कोणालाही सांगे. कोणीच ऐकायला नसले तर जावयाला सांगे. जावई शिंपी होता, मितभाषी होता, आणि सासऱ्याच्या मते सुईपेक्षा जड हत्यार त्याला देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

बाईंनी स्वयंपाकघर पाहिले, न्हाणीघर पाहिले, अर्थिंग मोजले. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्यांनी झोपायच्या खोलीतला दिवा लावला, आणि वीज जराही गळाली की पुरवठा तोडणारा मुख्य बोर्डातला स्विच खटकन पडला. उचलला, पुन्हा पडला.

"परवा मी स्वतः तपासलंय," ओळंबा म्हणाला.

"परवा ठीक असेल. आज पडतोय."

"मग मधल्या काळात इथे कोणीतरी हात घातलाय. भिंत काही आपणहून बिघडत नाही, मॅडम."

त्याची नजर खिडकीकडे गेली. पडद्याचा दांडा नवाकोरा होता. त्याने मेन बंद केला, दांड्याचा डावा स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला. टोकाला तांब्याची चमक होती. पुरवठा सुरू केल्यावर स्विच निमूट उभा राहिला.

"घ्या! जावईबापूंनी भिंतीलाच टाका घातला!"

"बाबा, पुरे," मुलगी म्हणाली.

"चूक माझीच," जावई खाली पाहत म्हणाला. "काल संध्याकाळी बसवला. विचारायला हवं होतं."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "मालकाच्या हातून झालेलं नुकसान. काका, तेवढी तार बदला, मी आजच पास लिहिते. तुमच्या सहीला धक्का नाही."

ओळंबा त्या छिद्राकडे पाहत होता. खोलीचा बोर्ड दाराशेजारी होता, आणि छिद्र त्या बोर्डाच्या सरळ वरही नव्हते, सरळ बाजूलाही नव्हते. बोर्डाच्या वर काँक्रीटची तुळई आडवी आली होती. आधी आडवा आणि मग उभा, असा काटकोनातला वळसा घेण्याऐवजी पाइप पुरताना त्याने तो तिरका नेला होता. गिलावा झाला, रंग झाला, आणि ती वाट त्याच्यावाचून कोणाला ठाऊक राहिली नाही. आता नुसते गप्प बसले की काम भागत होते.

"जावईबापू, काल फोनवर मी तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"आठवत नाही, बाबा."

"गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप वर्षानुवर्षं ध्यानात ठेवणारा माणूस तुम्ही. कालचं आठवत नाही?"

उत्तर मुलीने दिले. "तुम्ही म्हणालात, तार बोर्डापासून सरळ वर जाते नाहीतर सरळ आडवी, माझ्या कामात तिसरी दिशा नाही. यांनी टेप लावून त्या दोन्ही रेषा टाळल्या, मगच भोक पाडलं."

"ऐकलंत, मॅडम? या माणसानं विचारलं, मापलं, आणि नियमानुसार जिथे तार असूच नये तिथे स्क्रू मारला. तार होती, कारण मी ती तिरकी नेली. पास कशाच्या आधारावर लिहिताय?"

"अहो काका, तार बदलल्यावर गळती राहणार नाही!"

"वाट तिरकीच राहील. उद्या दुसरा कोणी खिळा ठोकेल. तुमची नियमावली तारेबद्दल आहे की तिच्या वाटेबद्दलही?"

"वाटेबद्दलही आहे," बाईंना कबूल करावे लागले. "पण नापास होण्यासाठी भांडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय."

"मी बरोबर ठरण्यासाठी भांडतोय. नापास हा त्याचा परिणाम."

बाईंनी अखेर 'नापास' लिहिले. ओळंब्याने ते वाचले आणि कोणत्या भिंतीत, हेही लिहायला लावले.

"म्हणजे पुन्हा तपासणी होईपर्यंत आम्ही भाड्याच्याच घरात," मुलगी म्हणाली.

"हो. आणि कोणी कारण विचारलं तर माझं नाव सांग."

बाई गेल्यावर त्याने मेन बंद केला आणि छिन्नी काढली. जावयाने न सांगता खिशातला खडू काढून बोर्डापासून आडवी रेघ ओढली; ती दोरी लावल्यासारखी सरळ होती. ओळंब्याने ती तरीही तपासली.

"बाबा, तुम्ही सांगितलं नसतंत, तरी मी कधी बोललो नसतो."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगितलं. तुमच्या उपकाराखाली राहिलो असतो, तर जन्मभर तुमच्याशी वाद घालता आला नसता."

आणि त्याने रेघेवर पहिला घाव घातला.