पास्त्याची पंगत

परदेशातल्या ईस्ट टामाकी या उपनगरात एका इटालियन-अमेरिकन रेस्टॉरंट चेनची नवी शाखा उघडली आणि पुण्याची अस्मिता तिची मॅनेजर झाली. पहिल्याच दुपारी समोरच्या कारखान्यातली सगळी शिफ्ट जेवायला आली आणि नेमका पिझ्झाचा ओव्हन बंद पडला.

कंपनीने देखरेखीला पाठवलेला क्रेग तिच्या कानाशी पुटपुटला, "आजच्या दिवस बंद ठेवू या."

"दारात आलेली माणसं उपाशी परत पाठवू? ते माझ्याच्याने होणार नाही," अस्मिता म्हणाली.

शेगड्या तर चालू होत्या. तिने स्वयंपाकघरात पास्ता आणि मीटबॉल्स एवढंच करायला सांगितलं, टेबलं एकाला एक जोडून लांब रांगा केल्या आणि मधोमध उभी राहून तिथल्या रीतीने नमस्कार करत खणखणीत आवाजात म्हणाली, "किया ओरा! आमचा ओव्हन रुसलाय. पिझ्झा नाही, पण पास्ता पोटभर वाढू. चालेल?"

"स्वीट ॲज! एकदम चालेल!" एक धिप्पाड सामोअन फोरमन ओरडला, तसे सगळे हसत हसत जेवायला बसले.

मोठाली पातेली रांगांमधून फिरू लागली. अस्मिता स्वतः आग्रह करकरून वाढत होती. 'नको नको' म्हणणाऱ्याच्या ताटातही एक मीटबॉल पडायचाच. थोड्या वेळाने क्रेगनेही बाह्या सरसावल्या आणि तो प्रत्येकाच्या ताटावर चीज किसत फिरला.

"शुक्रवारी पुन्हा असंच बसवाल ना?" जाताना फोरमनने विचारलं.

"या की, सगळ्यांना घेऊन या," ती म्हणाली.

शुक्रवारची ती लांब टेबलं इतकी गाजली, की कंपनीने तीच पद्धत पामर्स्टन नॉर्थ या दुसऱ्या शहरातल्या शाखेत सुरू करायचं ठरवलं. तिथल्या लोकांना शिकवायला अस्मिताच गेली.