गिअर दुसऱ्यात होता

कल्लट्टीच्या घाटात छत्तीस वळणं आहेत, आणि तेन्मोळीचा अप्पा अठ्ठाविसाव्या वळणावर कठडा फोडून जीपसकट खाली गेला. सोबत कुणी नव्हतं, मागे नुसती गाजराची पोती. पोती फुटली, गाजरं सगळ्या उतारावर पसरली, आणि खरं सांगायचं तर पुढे तीन दिवस खालच्या गावात घरोघरी सांबारात गाजर होतं. तेन्मोळीला हे मागाहून कळलं. तेव्हापासून ती गाजराला हात लावत नाही.

तेव्हा ती पंधरा वर्षांची. त्या दिवसांतलं एकच वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं, कारण घरी येणारा जो तो तेच बोलत होता: गिअर दुसऱ्यात होता. आता ज्याला घाट माहीत नाही त्याला वाटेल यात काय एवढं, पण जीप स्टँडवर सगळं या वाक्यावर अडलेलं. म्हणजे बघा, उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं, ब्रेकला फारसं काम राहत नाही. पण डिझेल वाचवायला कितीतरी जण गाडी न्यूट्रलवर सोडतात, मग सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापत तापत जातो आणि ऐन वळणावर पाय टेकला की पेडल आपलं लोण्यासारखं आत. म्हणून स्टँडचा नियमच होता, न्यूट्रलवर उतरताना जो पडला त्याचा स्टँडवर गाडी लावायचा नंबर बाद, त्याच्या घरच्यांनाही मिळायचा नाही. अप्पाचा नंबर चौदा. मोडक्या जीपमध्ये गिअरचा दांडा दुसऱ्यात सापडला, म्हणजे अप्पाची चूक नाही, म्हणजे चौदा नंबर घरात राहिला. तेन्मोळी मोठी होईपर्यंत कदिरवेल मामाने त्यावर स्वतःची जीप चालवायची असं ठरलं.

पण माणूस मेला की चूक कुणावर तरी यावीच लागते, नाही का? ती आली सगायमवर. सगायम मेकॅनिक, दोनच दिवसांपूर्वी अप्पाच्या जीपचे ब्रेक त्याने केलेले. आणि त्या दिवशी तो मामाच्या जीपमधून मागूनच येत होता, त्यामुळे खाली सगळ्यांत आधी पोचले ते हे दोघंच. सगायम नंतर स्टँडवर हात दाखवत फिरला, तळवा पार सोललेला. म्हणायचा, मी चाकाला हात लावला, चाक तव्यासारखं तापलेलं, हा न्यूट्रलवर उतरलाय. लोक म्हणाले, मग दांडा दुसऱ्यात कसा रे? आणि हात काय, गॅरेजमध्येही भाजतो.

तेन्मोळी तर याच्या पुढे गेली. सोळाव्या दिवसाचे विधी आटोपले त्या दिवशी ती सरळ त्याच्या गॅरेजपुढे गेली, मूठभर माती उचलली आणि दारावर फेकली, तुझं घर असंच मातीत जाऊ दे म्हणून. सगायमची बायको दारातच उभी होती. तिच्या केसांत माती गेली. वर्षाच्या आत गॅरेजला कुलूप लागलं, आणि खरं सांगू, तेन्मोळीला तेव्हा बरं वाटलं.

तर आता ती वीस वर्षांची. लायसन्स हातात, आणि गुरुवारच्या मीटिंगमध्ये चौदा नंबर तिच्या नावावर चढणार, स्टँडवरची पहिली बाई. फक्त घाट उतरून दाखवायचा बाकी. म्हणून सोमवारी सकाळी मामा तिला घेऊन निघाला. पहिल्याच वळणापासून त्याची टकळी सुरू. आधी ब्रेकने वेग कमी कर, मग क्लच, मग जराशी रेस, मग खालचा गिअर, आणि हे सगळं वळणाच्या आधी. क्लच इतका लाजत काय दाबतेस, बघायला पाहुणे आलेत का, असलंही काय काय. ती हसत होती. तिला जमत होतं हो, खरंच जमत होतं, विसाव्या वळणापर्यंत तिने एकदाही गचका दिला नाही.

पुढे जरा लांब सरळ उतार आहे. तिथे तिने हौसेने तिसरा टाकला, आणि पुन्हा दुसऱ्यावर घ्यायला गेली तर दांडा तिसऱ्यातून निघाला आणि दुसऱ्यात जाईना. न्यूट्रल. गाडी जी सुटली म्हणता! इंजिनचा आवाज एकदम गेला, नुसता टायरचा आवाज आणि वारा. ती दांडा ढकलतेय, खालून खर्रर्र येतंय, दोन्ही हातांनी ढकलला तरी आत जाईना.

"दुसरा सोड," मामा ओरडला. "या वेगात दुसरा जन्मात जायचा नाही. ब्रेक, रेस, तिसरा टाक."

तिसरा गेला. गाडीने गचका खाल्ला, वेग मोडला, मग दुसरा गेला. वळणाच्या तोंडाशी बाजूला घेऊन तिने गाडी थांबवली. मामा हसला, म्हणाला, झालं, आता तू ड्रायव्हर झालीस. ती हसली नाही. ती दांड्याकडे बघत होती.

"मामा, अप्पाची गाडी कठड्यापासून किती लांब पडली होती?"

"आता कशाला ते?"

"सगळे म्हणतात, उडाली. दुसऱ्यात असती तर एवढा वेग आलाच नसता. आणि एवढ्या वेगात दुसरा जात नाही, आत्ता तूच म्हणालास."

मामाने खिशातून विडी काढली, पेटवली नाही.

"मामा, कुणी टाकला?"

"सगायम मागच्या चाकाशी होता," मामा शेवटी म्हणाला. "मी आत हात घालून बघितलं, तुझ्या अप्पाचा श्वास बघितला. नव्हता. दांडा न्यूट्रलला होता. काय करायला पाहिजे होतं मी? नंबर गेला असता. तू आणि तुझी आई काय खाणार होता?"

"आणि तू? पाच वर्षं चौदा नंबरवर तूच गाडी चालवतोयस."

मामाने विडी परत खिशात टाकली. उरलेली वळणं तिने एकटीने उतरल्यासारखी उतरली, सगळी दुसऱ्यात.

घाटाच्या तळाशी सगायम असतो. गॅरेज गेल्यापासून तिथेच एक स्टूल टाकून बसतो. वरून येणाऱ्या गाड्यांच्या चाकाजवळ हात नेतो, तापलेलं असलं तर अर्धा तास थांबायला लावतो, कुणी दहा रुपये देतं, कुणी शिव्या. तिने गाडी थांबवली. मामा आतच बसून राहिला. सगायम आला, खाली वाकला, चारही चाकांना तळवा लावला.

"थंड आहेत," तो म्हणाला. "चांगली उतरलीस."

"अण्णा, मला कळलं," ती म्हणाली. "दांडा कुणी टाकला ते."

तो आत बसलेल्या मामाकडे बघून परत तिच्याकडे वळला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. बोंबलत फिरलो की."

"मी स्टँडवर सांगते. सगळ्यांपुढे."

"सांग," सगायम म्हणाला. "गुरुवारी मीटिंग असते ना? नंबर जाईल तुझा, बाकी काही नाही. माझी बायको माहेरी गेली ती परत आली नाही, तिला काय सांगशील? केस धुऊन ये म्हणून?"

तरीही सांगेन, असं ती म्हणाली. अगदी त्याच्या डोळ्यात बघून म्हणाली. आणि तिला तसंच वाटत होतं, यात खोटं काही नाही.

गुरुवारी मीटिंगला चहा होता, खुसखुशीत वर्की बिस्किटं होती, पंचवीस-तीस माणसं होती. आई मागे नव्या साडीत बसलेली. सेक्रेटरीने अप्पाचं नाव घेतलं, दोन मिनिटं सगळे उभे राहिले, मग तो म्हणाला, आपल्या माणसाने शेवटपर्यंत गाडी दुसऱ्यात ठेवली, ही त्याची मुलगी. कुणाला काही बोलायचंय का? मामा मान खाली घालून वर्कीचा चुरा करत होता. तेन्मोळी उभी राहिली. आईने मागून तिचा दुपट्टा नीट केला.

"चौदा नंबर," सेक्रेटरी म्हणाला.

"हजर," ती म्हणाली, आणि खाली बसली.

आता ती रोज घाट उतरते, आणि सगळे सांगतात की तिच्यासारखा गिअर स्टँडवर कुणी टाकत नाही. तळाशी सगायम प्रत्येक गाडी थांबवतो. तिचीही थांबवेल म्हणून ती रोज वेग कमी करते. तो स्टुलावर बसल्या बसल्याच हात हलवतो, जा म्हणून. तिच्या चाकाला तो हात लावत नाही.