लांब भोंगा राहिलाच

मी भोंगा बोलतोय. कानावरचे हात खाली घ्या, ओरडत नाही. ओरडायचं माझं काम संपलं. आता नुसत्या गप्पा.

माझं शिक्षण विचाराल तर पोटावर पेंटरने लाल रंगात 'खतरा' लिहिलं होतं, तेवढीच आपली शाळा. त्यातलंही निम्मं पावसाने खाल्लं. पण भलेभले इंजिनियर माझ्या एका हाकेवर हातातली भजी टाकून पळायचे. तुमच्या हाकेवर घरचं मांजर तरी येतं का?

भिलाईत पॉवर हाऊसच्या मागे ओमप्रकाश मिस्त्रीचं टिनाचं वर्कशॉप होतं. तिथला माझा जन्म. पोट जुन्या पाइपाचं, आतलं चाक कुठल्याशा पंख्याचं, फिरवायचा दांडा सायकलच्या पायडलचा. अंगातली एक वस्तू नवी नाही, पण गळा असा की मिस्त्रीने पहिल्यांदा दांडा फिरवला आणि समोरच्या चहावाल्याने आख्खी केटली गिऱ्हाइकाच्या मांडीवर ओतली. मला तेव्हाच कळलं, आपला धंदा मजेचा आहे.

भिलाईचं राज्य वेगळं होऊन नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. उतई गावाच्या पुढे, पार पुढे, साल वृक्षांच्या जंगलात सोनझोरी नावाचा नाला. त्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडले, अशी बातमी भिलाईच्या कॅम्प-वनच्या बाजारात आली. आली तेव्हा कणाएवढीच होती. भाजीवाल्यांची रांग ओलांडेपर्यंत लिंबाएवढी झाली. मग कोण्या एका कंपनीने तिथला डोंगर फोडायला घेतला, आणि भिलाईतले कितीतरी ठेक्यावरचे कामगार बायका-पोरं, गाद्या, कोंबड्या घेऊन ट्रकात चढले. त्याच ट्रकात मीही होतो, एका कोंबडीच्या खाली. ती काय करत होती ते सांगत नाही.

बघता बघता जंगलात गाव उभं राहिलं. टिनाच्या खोल्या, कँटीन, न्हावी, पडद्यावर सिनेमा दाखवणारा, आणि तराजू घेऊन बसलेला एक सोनारसुद्धा. माणसं तर अशी चालायची की मान वर नाहीच. सगळ्यांचे डोळे जमिनीवर. नवरा कामावरून आला की बायको आधी त्याची पँट घमेल्यात धुवायची आणि खाली बसलेला गाळ उन्हात धरून बघायची. भय्याजीची बायको भीमाबाई तर मोजेही सोडत नव्हती.

"सोनं दिसलं का?" भय्याजी विचारायचा.

"वास दिसला," ती म्हणायची.

हा भय्याजी माझा माणूस. मूळचा भंडाऱ्याकडचा, घरावर निळा झेंडा, पायात कंपनीचे रबरी बूट. उजव्या बुटाचा तळ सुटलेला, म्हणून चालला की एक पाय खट वाजायचा आणि दुसरा फट. खट-फट, खट-फट. ती चाल ऐकली की माझा दांडा आपोआप सावध व्हायचा.

आमचा नियम सोपा होता. भर दुपारी डोंगरात सुरुंग लावायचे. आधी भय्याजी मला तुटक-तुटक फिरवायचा. ते ऐकलं की सगळं गाव हातातलं काम टाकून दगडी भिंतीच्या आड जाऊन बसायचं. सुरुंग फुटले, धूळ बसली, की भय्याजी एकटा खड्ड्यात उतरायचा. प्रत्येक होल, म्हणजे सुरुंगाचं भोक, फुटलं की नाही ते डोळ्याने पाहायचा. मग खट-फट करत वर यायचा आणि मला एकदाच फिरवायचा, खूप लांब. तो लांब भोंगा झाल्याशिवाय भिंतीआडून कोणी उठायचं नाही. मॅनेजर असो की बाळंतीण.

"चुलीवर भाजी करपून राहिली माही," एखादी बाई कुरकुरायची.

"करपू दे. भाजी पुन्हा करता येते," भीमाबाई तिचा पदर धरून तिला खाली बसवायची. भय्याजी वर आल्याशिवाय ती स्वतः पाणीही पीत नव्हती. लांब भोंगा झाला की म्हणायची, "चला, जेवाले."

मी मात्र वात्रट. वाऱ्याची झुळूक फटीत शिरली की मधेच हूंऽऽ करायचो. न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बसलेलं गिऱ्हाईक अर्धी मिशी घेऊन भिंतीकडे धावायचं. भय्याजी माझ्या पोटावर थाप मारून म्हणायचा, "सुधर ना बे, म्हाताऱ्या." मी काय सुधरतो.

सोनं निघालं नाही. म्हणजे निघालं, पण डोंगर फोडून सोनाराच्या तराजूचा काटाही धड हलेना. कंपनीने ठरवलं, गाशा गुंडाळायचा. शेवटचे सुरुंग लावायचे आणि बस.

त्या दुपारी मी तुटक-तुटक ओरडलो. गाव भिंतीआड गेलं. सुरुंग फुटले. धूळ बसली. भय्याजी खड्ड्यात उतरला. खट-फट, खट-फट. एक होल फुटायचं राहिलं होतं. ते त्याच्यासमोर फुटलं.

मग कोण नियम पाळतो? लोक किंचाळत खड्ड्याकडे पळाले. त्याला चादरीत बांधून वर आणलं, जीपमध्ये ठेवलं. पुढच्या काही दिवसांत ट्रक आले, गाद्या चढल्या, कोंबड्या चढल्या. कँटीनवाल्याने तर कुलूपही लावलं नाही. चूलसुद्धा तशीच, वर पातेलं ठेवलेली.

आणि या सगळ्या गडबडीत एक काम राहून गेलं. लांब भोंगा कोणी दिला नाही. ते काम भय्याजीचं होतं ना.

फक्त एका बाईच्या ते ध्यानात होतं. भीमाबाई भिंतीआडून उठेना. बायका ओढत होत्या आणि ती म्हणत होती, "लांब नाही झाला. मी कशी उठू?" शेवटी तिला उचलूनच न्यावं लागलं.

गाव गेलं. मी सालाच्या खांबावर एकटा राहिलो. तुम्हाला वाटेल, म्हातारा कंटाळला असेल. छे. भंगारवाले दारं, टिनं काढून नेत होते, तेव्हा मी फक्त एकदा हूं केलं. ते अजून पळत असतील. मग मोबाईलवाली पोरं यायला लागली. "दोस्तों, ये है भूतिया गाँव," असं कॅमेऱ्यात कुजबुजायची. मी वाऱ्याची वाट बघत दबा धरून बसायचो. एकाने तर मोबाईल तिथंच टाकला आणि चप्पल हातात घेऊन पळाला. चप्पल का घेतली, ते त्याला माहीत.

पण एक गोष्ट मजेची नव्हती.

भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की जंगलातले पक्षी गप्प व्हायचे. पान हलत नसायचं. आणि भिंतीआडचं गवत हळूहळू खाली दबायचं. इथं एक जागा, तिथं एक जागा. कोणी मांडी घालून बसावं तसं. एका ठिकाणी लहान जागा, तिच्या बाजूला मोठी, पोराला जवळ घेऊन बसल्यासारखी. चरायला आलेली गुरं तिथं आली की थांबायची, मोठा वळसा घालून जायची. माणसं भिलाईला निघून गेली, पण त्यांचं वाट पाहणं तिथंच बसून राहिलं होतं. उठायची परवानगी मिळाली नव्हती ना त्याला.

मग खड्ड्यातून आवाज यायचा. खट-फट. खट-फट. चढ चढून थेट माझ्यापर्यंत. दिसायचं कोणी नाही. माझा दांडा गरम व्हायचा, पंजाने धरल्यासारखा. जोर लागायचा, पण गंजलेला दांडा हलायचा नाही. थोड्या वेळाने तो गार पडायचा आणि पावलं उतरून जायची. दुसऱ्या दुपारी पुन्हा. सगळ्यांना घाबरवणारा मी, त्या वेळी चुकून झुळूक आली तरी हूं करत नव्हतो.

मागच्या थंडीत एक गाडी आली. उतरले तिघं. राजदीप, भय्याजीचा पोरगा, आता भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला. त्याची बायको करिष्मा. आणि काठी टेकत, केस पांढरे झालेली भीमाबाई. बाकी कोणाकडे न बघता ती सरळ भिंतीआड गेली आणि तिच्या जागेवर बसली.

"राजदीप, जल्दी करो ना," करिष्मा म्हणाली. "मला इथं कसंतरीच होऊन राहिलं."

"काही नाही होत. आपण भूत-बित मानत नाही."

"मानत नाही, तर भर दुपारी मोबाईलचा टॉर्च काहून लावला?"

राजदीपने टॉर्च बंद केला. मला ही सून फार आवडली.

त्यांच्या बोलण्यातून सगळं कळलं. भिलाईत रिसालीच्या घरी भीमाबाई बाकी वेळ चांगली असायची. भांडायची, टीव्ही बघायची. पण दुपार झाली की उठून कपाटाच्या आड जाऊन बसायची. घास तोंडात घ्यायची नाही, पार दिवस कलेपर्यंत. आता तिला शुगर लागली होती. सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारी उपाशी. एकदा कपाटाआड बेशुद्ध सापडली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर एखाद्या दुपारी ती उठायचीच नाही. राजदीपने मोबाईलवर कुठले कुठले भोंगे वाजवून पाहिले. म्हातारी म्हणायची, "हा कोणाचा आहे? आपला नव्हे हा." मग एक दिवस करिष्मा त्या भूतिया गावाचा व्हिडिओ बघत बसली होती. त्यात मी हूं केलं. भीमाबाई कपाटाआडून म्हणाली, "हा आपला. पण हा वाऱ्याचा आहे. लांब नाही."

बघा. माझा वात्रटपणा कुठं कामाला आला.

राजदीपने डोक्याचं खोबरेल माझ्या सांध्यात ओतलं आणि दांड्याला हात घातला.

"थांब," भिंतीआडून आवाज आला. "पयले खड्ड्यात जाऊन पाहून ये."

"आई, तिथं काय आहे आता? झाडं उगवली."

"पाहिल्याबिना लांब द्याचा नसतो. तुया बापाने कधी देला का?"

राजदीप खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. पक्षी गप्प झाले होते. पान हलत नव्हतं. भीमाबाईच्या दोन्ही बाजूंनी गवत दबत चाललं होतं, आणि करिष्माने ते पाहिलं होतं. ती गुपचूप सासूला चिकटून बसली.

राजदीप उतरला. त्याच्या पायात मऊ तळाचे बूट होते, चालल्याचा आवाजच नाही. खाली तो बराच वेळ होता. एकेक होल वाकून बघत असेल. मग तो परत यायला लागला, आणि मला पावलं ऐकू आली.

खट-फट. खट-फट.

वर आला तेव्हा राजदीप एकटाच दिसत होता. चेहरा राखेसारखा. मागे वळून बघत नव्हता. त्याने दांडा धरून ताकद लावली. मी जाम. पुन्हा लावली. मी जाम. मग त्याच्या हाताच्या बाजूला दांडा गरम झाला, आणि मी फिरलो. लोण्यातून सुरी जावी तसा.

आयुष्यात एवढा लांब मी कधी ओरडलो नव्हतो. डोंगरावरून आवाज परत आला, तरी मी ओरडतच होतो.

थांबलो, तेव्हा भिंतीआडचं गवत उभं राहत होतं. इथली एक जागा, तिथली एक जागा. लहान जागा, तिच्या बाजूची मोठी. रस्त्याच्या बाजूला धूळ थोडी उडाली, पुष्कळ पाय एकदम घरी निघाल्यासारखी. मग पक्षी बोलायला लागले.

भीमाबाई काठी टेकून उठली. "चला, जेवाले," म्हणाली.

उतईला घेतलेले समोसे आणि घरचा भाजी-भाकरीचा डबा उघडला. ती पोटभर जेवली. करिष्मा वाढत होती आणि डोळे पुसत होती, राजदीप नुसता दांड्याकडे बघत होता. तिने शेवटचा घास घेऊन हात धुतले, तोवर माझा दांडा गरम होता. मग एकदम गार पडला. तेव्हापासून गारच आहे.

जाताना त्यांनी मला खांबावरून उतरवून सोबत नेलं. आता मी रिसालीत त्यांच्या पोर्चमध्ये टांगलेला असतो, चपलांच्या वर. पोटात चिमणीने घरटं केलंय, त्यामुळे आवाजही बसला. कुरिअरवाल्याला घाबरवायचं म्हटलं तरी नुसता फुस्स.

तुम्हाला एवढंच सांगणं आहे, बाबांनो. सोन्यासाठी गाव वसवा, नाही मिळालं तर उठवा, तुमची मर्जी. पण निघताना एकाने तरी मागे थांबून लांब भोंगा द्यावा. नाहीतर कोणीतरी भिंतीआड बसून राहतं.

रोज दुपारी ताट वाढलं की भीमाबाई पोर्चमध्ये येते, माझ्या पोटावर थाप मारते. "झाला का रे लांब?"

साऱ्या दुनियेला फसवलं मी. तिला नाही.

झाला, माय. जेव तू.